पुतळा पाडला, कायदा राहिला

२५ जानेवारी १९७५ रोजी ढाक्यात बांगलादेशाच्या संसदेने घटनेची चौथी दुरुस्ती मंजूर केली. चर्चा जवळजवळ झालीच नाही. संसदीय पद्धत जाऊन अध्यक्षीय आली, देशात एकच पक्ष ठेवायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना मिळाला, न्यायाधीशांना घरी पाठवायचा अधिकारही त्यांच्याच हाती गेला. एवढ्यावर भागलं असतं तरी पुष्कळ होतं. पण त्या दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे आणि माझ्या मते शेख मुजीबुर रहमान यांचा सगळा पेच तिच्यात सापडतो. राष्ट्रपिता बंगबंधू शेख मुजीबुर रहमान हे राष्ट्राध्यक्ष होतील आणि दुरुस्त घटनेप्रमाणे रीतसर निवडून आले आहेत असं समजून ते पद सांभाळतील, असं तिथे नाव घेऊन लिहिलं आहे. मतदान नाही, उमेदवारी अर्ज नाही. निवडून आले असं समजायचं.

यात चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की निवडणूक घेतली असती तरी तेच आले असते. दोनच वर्षांपूर्वी, मार्च १९७३ मध्ये, त्यांच्या अवामी लीगने ३०० पैकी २९३ जागा जिंकल्या होत्या. (तिथेही काही मतदारसंघांत मतांची हेराफेरी झाल्याचे आरोप झालेच. हमखास जिंकणाऱ्याला लबाडी का करावीशी वाटते, हे कोडं दक्षिण आशियात नवं नाही.) मग ज्याला हरण्याची भीतीच नव्हती, त्याने मतदान का टाळलं?

सत्तेची हाव हे सोपं उत्तर झालं. ते मला पटत नाही. मुजीबांना आणि त्यांच्या भोवतालच्यांना निवडणूक खरोखरच अनावश्यक वाटली असावी. जो माणूस म्हणजेच राष्ट्र, त्याला राष्ट्राने पुन्हा कशाला निवडायचं? आणि ही समजूत १९७५ ची नव्हे, ती १९७१ मध्येच तयार झाली होती.

१९७१ ची कथा आपल्याकडे तीन अंकी नाटकासारखी सांगितली जाते: पाकिस्तानी सैन्याचे अत्याचार, कोटीभर निर्वासित, आणि डिसेंबरातला तेरा दिवसांचा विजय. त्या वर्षी पत्रावर पाच पैशांचं शरणार्थी साहाय्याचं जादा तिकीट लावावं लागे, ते अनेक घरांतल्या जुन्या पाकिटांवर अजून दिसेल. पण या कथेत मुजीब नेमके कुठे होते? २५ मार्चच्या रात्री सैन्य ढाक्यात घुसलं, त्याच रात्री त्यांना धानमंडीतल्या घरातून उचललं आणि पश्चिम पाकिस्तानात नेलं. पुढचे नऊ महिने ते तुरुंगात होते. बंद दाराआड लष्करी खटला चालू होता, फाशी डोक्यावर टांगलेली होती. १७ एप्रिलला मेहेरपूरजवळच्या आंबराईत हंगामी सरकारने शपथ घेतली. त्या जागेचं नाव मुजीबनगर ठेवलं आणि अध्यक्ष म्हणून गैरहजर मुजीबांना नेमलं. कारभार मात्र पंतप्रधान ताजुद्दीन अहमद यांच्याकडे होता. कोलकात्यात बसून निर्वासितांचे प्रश्न, दिल्लीशी बोलणी, स्वपक्षातली भांडणं आणि मुक्तिवाहिनीच्या बंदुका हे सगळं त्यांनी निभावलं.

म्हणजे युद्ध ज्याच्या नावाने झालं, तो युद्धात नव्हता. हा त्यांच्यावरचा ठपका नव्हे. लष्कराने पकडलेल्या माणसाने कुठे असायला हवं होतं, हा प्रश्नच गैरलागू आहे. पण नऊ महिने ज्याचा फक्त जयघोष ऐकू येतो, ज्याच्याशी कुणाचा वाद होऊ शकत नाही, ज्याचा एकही निर्णय चुकत नाही, असा नेता माणूस राहत नाही. १० जानेवारी १९७२ ला मुजीब ढाक्याला उतरले तेव्हा लाखोंच्या गर्दीने त्यांना डोक्यावर घेतलं. त्या गर्दीला काही मागायचं नव्हतं. तिला त्यांच्यावर विश्वास टाकायचा होता. ताजुद्दीन दोन दिवसांत पंतप्रधानपदावरून बाजूला झाले, अर्थमंत्री झाले आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये मुजीबांच्याच सांगण्यावरून त्यांना राजीनामा द्यावा लागला. युद्धाचा खरा हिशेब ज्याच्याकडे होता तोच बाहेर गेला.

हे सगळं लिहिताना मुजीबांचं मोठेपण कमी करण्याचा हेतू नाही. ते उसनं नव्हतंच. टुंगीपाड्यासारख्या खेड्यातला हा मुलगा कोलकात्याच्या इस्लामिया कॉलेजात मुस्लिम लीगचं काम करत होता, पाकिस्तान व्हावा म्हणून राबला होता. तो पाकिस्तान झाल्यावर वर्षभराच्या आत उर्दूच्या सक्तीविरुद्ध तुरुंगात गेला. फेब्रुवारी १९६६ मध्ये लाहोरला जाऊन, म्हणजे थेट पंजाबच्या अंगणात उभं राहून, त्यांनी सहा कलमी मागणी मांडली: केंद्राकडे संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार ठेवा, कर बसवण्याचा अधिकार प्रांतांना द्या, तागाच्या निर्यातीतून येणाऱ्या परकीय चलनाचा हिशेब वेगळा ठेवा. यात घोषणाबाजी नव्हती. पूर्वेचा ताग विकून पश्चिमेत कारखाने उभे राहत होते, त्याला आकडेवारीने दिलेलं उत्तर होतं. १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या १६२ पैकी १६० जागा मिळाल्या त्या या हिशेबाला. ७ मार्च १९७१ च्या रमना मैदानावरच्या भाषणाची तर बातच वेगळी. स्वातंत्र्य जाहीर केलं असतं तर सैन्याला गोळीबाराचं निमित्त मिळालं असतं, नाही केलं असतं तर समोरची गर्दी हातची गेली असती. त्या दोरीवरून हा माणूस वीस मिनिटांच्या आत, हातात कागद न धरता पलीकडे गेला.

आणि १९७२ ची घटना! तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. स्वातंत्र्यानंतर वर्षाच्या आत त्यांच्या सरकारने देशाला घटना दिली. पाकिस्तानला पहिली घटना करायला नऊ वर्षं लागली होती. तिच्यात मूलभूत हक्क होते, स्वतंत्र न्यायव्यवस्था होती आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची तरतूदच नव्हती. खटल्याशिवाय माणसाला डांबून ठेवण्याची मुभा भारताच्या घटनेत पहिल्या दिवसापासून आहे, बांगलादेशाच्या मूळ घटनेत नव्हती. स्वतः मुजीबांची दहाहून अधिक वर्षं तुरुंगात गेली, त्यांतली बरीचशी अशाच कायद्यांखाली. ही मुभा का नको, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

सप्टेंबर १९७३ मध्ये दुसरी घटनादुरुस्ती आली आणि ही मुभा घटनेत घातली गेली. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यावर विशेष अधिकार कायदा (स्पेशल पॉवर्स ॲक्ट) उभा राहिला. १९७५ च्या मुजीबांविरुद्ध आरोपपत्र लिहायचं झालं तर ते पुढे सत्तेवर आलेल्या जनरल झियाउर रहमान यांच्या किंवा जमात-ए-इस्लामीच्या लोकांना विचारण्याचं कारण नाही. १९७२ च्या मुजीबांनी ते कलमवार लिहून ठेवलं आहे.

बचावाची बाजू मला ठाऊक आहे आणि ती पोकळ नाही. पूल उडालेले, बंदर सुरुंगांनी भरलेलं, गावोगाव बंदुका सुटलेल्या. एका बाजूला सशस्त्र डावे गट पोलीस चौक्या लुटत होते, दुसऱ्या बाजूला स्वपक्षाचेच लोक रिलीफचं धान्य आणि कांबळी विकत होते. पाकिस्तानात अडकलेले बंगाली अधिकारी आणि सैनिक १९७३-७४ मध्ये परतले, तेव्हा त्यांची मुक्तियोद्ध्यांशी धुसफूस सुरू झाली. त्यात १९७४ चा दुष्काळ. बांगलादेशाने क्युबाला तागाची पोती विकली या कारणावरून अमेरिकेने धान्याची जहाजं अडवली, हेही खरं.

पण दुष्काळापाशी जरा थांबायला हवं, कारण बचाव इथेच ढासळतो. पुराने पिकं बुडाली, धान्य कमी पडलं, माणसं मेली, असं सरळ गणित मांडलं जातं. अमर्त्य सेन यांनी पुढे आकडेवारीनिशी दाखवलं, की १९७४ मध्ये बांगलादेशात माणशी धान्य आजूबाजूच्या वर्षांपेक्षा कमी नव्हतं, उलट जास्त होतं. पुराने शेतमजुरांचं काम गेलं, मजुरी थांबली आणि साठेबाजीने तांदळाचा भाव त्यांच्या हाताबाहेर गेला. रंगपूर, मैमनसिंग, सिल्हेट या जिल्ह्यांत माणसं भाताच्या दुकानांसमोर उपाशी मेली. सरकारने जवळपास सहा हजार लंगरखाने उघडले, पण उशिरा, आणि लवकरच बंदही केले. मृतांचा सरकारी आकडा सव्वीस-सत्तावीस हजारांच्या घरातला होता. अभ्यासकांचे अंदाज त्याच्या कितीतरी पट आहेत.

अशा दुष्काळात सरकारला वेळेवर जागं कोण करतं? जिल्ह्याच्या गावचा बातमीदार, विरोधी पक्षाचा आमदार, स्वपक्षातला एखादा तोंडाळ खासदार. मुजीबांनी यावर उपाय काय केला? १६ जून १९७५ ला चार सोडून देशातली सगळी दैनिकं बंद केली. उरलेल्या चारांपैकी एक ‘इत्तेफाक’, तेही सरकारच्या ताब्यात. ज्यांना या पत्राचा इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणिक मियाँ यांचं हे पत्र सहा कलमी मागणीच्या मागे उभं राहिलं म्हणून अयूब खानांनी त्याचा छापखाना जप्त केला होता. मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्याने त्याची कचेरी जाळली होती. ते पत्र नसतं तर मुजीबांचा आवाज ढाक्याबाहेर किती पोचला असता, कोण जाणे.

माणिक मियाँचे चिरंजीव मईनुल हुसेन तेव्हा अवामी लीगचे खासदार होते. चौथ्या दुरुस्तीला विरोध म्हणून त्यांनी खासदारकी सोडली. दुसरा राजीनामा होता जनरल उस्मानी यांचा. मुक्तिवाहिनीचे सरसेनापती! स्वातंत्र्ययुद्ध लढवणाऱ्या सेनापतीला ही दुरुस्ती स्वातंत्र्याशी विसंगत वाटली, याहून वेगळा पुरावा काय हवा? पण २९३ जणांच्या पक्षातून उघडपणे बाहेर पडणारे हे दोघंच ठळकपणे आठवतात. बाकीच्यांनी हात वर केले आणि बाकशाल या नव्या एकमेव पक्षात जाऊन बसले. पाच महिन्यांनी दिल्लीत आणीबाणी आली तेव्हा आपल्याकडचं चित्र यापेक्षा फार वेगळं नव्हतं, म्हणून या बाबतीत बांगलादेशींना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आणखी एक प्रसंग, तोही १९७२ च्या त्याच चांगल्या घटनेच्या पोटातला. घटना समितीत मानबेंद्र नारायण लार्मा नावाचे एक सदस्य होते, चितगाव डोंगराळ भागातले चकमा. देशाचे नागरिक ‘बंगाली’ म्हणून ओळखले जातील अशी दुरुस्ती आली तेव्हा ते उठून म्हणाले, की आम्ही बांगलादेशाचे नागरिक आहोत, पण बंगाली नाही. ऐकलं कुणी नाही. ते सभात्याग करून बाहेर पडले. उर्दूच्या सक्तीविरुद्ध जन्मलेलं राष्ट्र पहिल्याच वर्षी आपल्या अल्पसंख्याकांना सांगत होतं, की तुम्ही आमच्यात मिसळा. पुढे त्या डोंगरांत दोन दशकं बंदुका चालल्या, त्यात झियांचा आणि त्यांच्यानंतरचे लष्करी सत्ताधीश इर्शाद यांचा वाटा मोठा आहे, पण ठिणगी कुठे पडली ते लपत नाही. १९७२ चे मुजीब निर्मळ आणि १९७५ चे डागाळलेले, अशी सोयीची फाळणी मलाही करता येत नाही ती यामुळे.

१५ ऑगस्ट १९७५ ला पहाटे लष्करातल्या काही अधिकाऱ्यांनी धानमंडीच्या घरात शिरून मुजीबांना, त्यांच्या पत्नीला, मुलांना, सुनांना मारलं. धाकटा रसेल दहा वर्षांचा होता. दोन मुली परदेशात होत्या म्हणून वाचल्या. मारेकऱ्यांवर खटला चालू नये म्हणून हत्येनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या खोंदकार मुश्ताक यांच्या सरकारने वटहुकूम काढला आणि तो एकवीस वर्षं टिकला. नोव्हेंबरात ताजुद्दीन आणि आणखी तिघांना ढाक्याच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. या हत्येचं समर्थन कुठल्याही बाकशालने होत नाही. पण तिने आणखी एक नुकसान केलं, ते राजकीय होतं. मुजीबांना मतपेटीतून उत्तर देण्याची संधी बांगलादेशी जनतेला कधी मिळालीच नाही. जिवंत असते तर कदाचित ते हरले असते, टीका झेलली असती, म्हातारपणी एखाद्या मुलाखतीत बाकशाल चुकलं असंही म्हणाले असते. हौतात्म्याने हा सगळा मार्ग बंद केला. आधी नऊ महिन्यांच्या गैरहजेरीने ते टीकेपलीकडे गेले होते, आता कायमचे गेले.

वाचलेल्या मुलींपैकी शेख हसीना यांनी पंतप्रधान म्हणून यावर कळस चढवला. २०११ च्या दुरुस्तीने सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत राष्ट्रपित्याची तसबीर घटनेनेच सक्तीची केली. २०१८ च्या डिजिटल सुरक्षा कायद्यात राष्ट्रपित्याविरुद्ध अपप्रचार केला तर दहा वर्षांपर्यंत कैद होती. नोटांवर मुजीब, चौकात मुजीब, पुलाला मुजीब. २०२४ च्या जुलैत ढाक्याच्या रस्त्यांवर उतरलेल्या विशीतल्या पोरांनी मुजीब पाहिले ते असे, पोलिसाच्या डोक्यामागच्या भिंतीवर. मुक्तियोद्ध्यांच्या वारसांच्या आरक्षणावरून पेटलेलं ते आंदोलन चिरडताना चौदाशेपर्यंत माणसं मारली गेली असावीत, असा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. ५ ऑगस्टला हसीना पळाल्या आणि त्याच संध्याकाळी पुतळ्यांना दोर लागले.

आपल्याकडे तेव्हा एकच शब्द घरोघर ऐकू आला: कृतघ्न. ज्याने देश दिला त्याचा पुतळा फोडता? मला हा राग समजतो, पण यावरचं उत्तर आपल्याच घटनेच्या शिल्पकाराने देऊन ठेवलं आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी आयरिश देशभक्त ओकॉनेल यांचा दाखला दिला होता. त्याचा आशय असा, की स्वाभिमान गमावून कुणी माणूस कृतज्ञ राहू शकत नाही, आणि स्वातंत्र्य गमावून कुठलं राष्ट्र कृतज्ञ राहू शकत नाही. धर्मातली भक्ती मोक्षाला नेईल, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीला, हा त्यांचा इशाराही त्याच भाषणातला. (हेच बाबासाहेब १९४६ मध्ये संविधान सभेवर पहिल्यांदा निवडून गेले ते पूर्व बंगालच्या जोगेंद्रनाथ मंडलांच्या खटपटीने, हे किती जणांना आठवतं?) ढाक्याच्या तरुणांनी कृतज्ञतेचं ओझं झुगारलं याचं मला वाईट वाटत नाही. मुक्तियुद्धावरची मालकी एका घराण्याकडे राहू नये, हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

पण पुढे त्यांनी काय केलं? ५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री धानमंडीचं ते घर यंत्रं लावून पाडलं. ते नुसतं हसीनांच्या पक्षाचं देऊळ नव्हतं. सहा कलमी मागणीच्या बैठका तिथे झाल्या, २५ मार्चची अटक तिथे झाली, बाकशालचे बेत आखणारा राष्ट्राध्यक्ष तिथे राहत होता आणि जिन्यातला त्याचा मृतदेहही तिथलाच. मुजीबांच्या बाजूचा आणि त्यांच्या विरुद्धचा पुरावा एकाच छपराखाली होता. तो गेला. ७ मार्च आणि १५ ऑगस्ट राष्ट्रीय दिवसांच्या यादीतून आधीच काढले होते. जून २०२५ मध्ये नव्या नोटा आल्या, त्यांवर मुजीब नाहीत.

आणि १९७४ चा विशेष अधिकार कायदा? तो आहे तिथेच आहे. झियांनी तो वापरला, इर्शाद यांनी वापरला, खालिदा झियांनी आणि हसीनांनी वापरला. एप्रिल २०२५ मध्ये, सगळ्या भिंतींवरून मुजीब उतरवल्यावर, अंतरिम सरकारच्या काळातही त्याच कायद्याखाली एका महिलेला खटल्याविना डांबलं गेलं आणि त्यावर बरीच आरडाओरड झाली. मुजीबांचा वारसा ढाक्यात आज कुठे जिवंत आहे असं कुणी विचारलं तर मी या कायद्याकडे बोट दाखवीन. त्याला कुणी दोर बांधला नाही, कारण तो सगळ्यांच्याच उपयोगी पडतो. सत्तेवर नसताना काळा कायदा म्हणायचं, आणि सत्तेवर येताच टेबलाच्या खणात जपून ठेवायचा, ही रीत पक्षागणिक बदललेली नाही.

म्हणून मुजीब महान होते की हुकूमशहा, या वादात मला फारसा रस उरलेला नाही. ते दोन्ही होते, आणि तसं म्हणून विषय संपतही नाही. ढाक्यात राजकीय सुधारणांची चर्चा २०२४ पासून चालू आहे. अध्यक्षाचे अधिकार, पंतप्रधानाची मुदत, वरिष्ठ सभागृह, सगळ्यावर समित्या बसल्या. त्यात १९७२ च्या मूळ घटनेप्रमाणे खटल्याशिवाय कैदेची तरतूदच काढून टाका, ही मागणी पुढे रेटणारा पक्ष कोणता, ते पाहायला हवं. तो पक्ष मुजीबांचं नाव घेतो की त्यांच्या नावाने बोटं मोडतो, याने मला काही फरक पडत नाही.